चित्र किती धूसर चालेल? वीक लेन्सिंग आणि प्रतिमेचा दर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि आसपासच्या आकाशवेड्या मंडळींकडून, तसंच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ते एका जागी आणले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वीक लेन्सिंगमध्ये नेमकं मोजतात काय?

दूरच्या दीर्घिकांचे आकार. त्यांचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या वस्तुमानाजवळून जातो, त्यात न दिसणारं कृष्णद्रव्यही आलं. गुरुत्वामुळे तो किंचित वळतो आणि दीर्घिकेचं चित्र एका दिशेने जरासं ताणलं जातं. या ताणाला शिअर म्हणतात. मोठ्या दीर्घिकासमूहाच्या जवळ तो ५ ते १० टक्के असू शकतो, पण मोकळ्या आकाशात एक टक्का किंवा त्याहून कमी. हबलच्या चित्रांतले लांबलचक कंस ही वेगळी गोष्ट, ते स्ट्राँग लेन्सिंग. इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही.

२. एक टक्का ताण दिसतच नाही, मग मोजता कसा?

सरासरी काढून. दीर्घिका मुळातच गोल नसतात. कुठली चपटी, कुठली तिरपी. त्यांच्या स्वतःच्या लंबगोलपणाचा पसारा दर घटकाला (लंबगोलपणा दोन घटकांत मांडतात) साधारण ०.२६ असतो आणि शिअर असतो ०.०१. म्हणजे एका दीर्घिकेवरून काहीच कळत नाही. पण मूळ दिशा विस्कळीत असतात, त्या सरासरीत एकमेकींना खोडतात, आणि सगळ्यांना सारखा पडलेला ताण तेवढा उरतो. चूक संख्येच्या वर्गमुळाने घटते: १०,००० दीर्घिका घेतल्या तर ०.००२६, दहा लाख घेतल्या तर ०.०००२६.

यात अडचण अशी की सरासरीने फक्त विस्कळीत चुका जातात. सगळ्या दीर्घिकांना एकाच दिशेने ढकलणारी चूक कोट्यवधी दीर्घिका घेऊनही तसूभर हलत नाही. प्रतिमेच्या दर्जाचा प्रश्न येतो तो इथे.

३. 'प्रतिमेचा दर्जा' म्हणजे काय? मोठी दुर्बीण घेतली की दर्जा चांगला, असंच ना?

नाही. हिवाळ्यात रात्री इंदूरच्या सराफा बाजारात गराडू (एक कंद) तळणाऱ्या कढईपलीकडे लागलेल्या दिव्याकडे बघा. कढईवरची तापलेली हवा हलते आणि दिवा थरथरतो. अर्ध्या सेकंदाचा फोटो काढलात तर ठिपक्याचा गोळा उमटेल. वारा एका बाजूने असेल तर गोळाही त्या बाजूला लांबट होईल. आणि खरी मेख अशी की त्या कढईमागचे सगळेच दिवे एकाच दिशेने लांबट होतील. शिअरही नेमका असाच दिसतो. म्हणून निव्वळ धूसरपणापेक्षा दिशा असलेला धूसरपणा जास्त घातक.

बिंदूसारखा तारा चित्रात जसा पसरतो त्या आकाराला पीएसएफ म्हणतात. वातावरणामुळे येणारा त्यातला वाटा म्हणजे सीइंग. बाकीचा वाटा आरसे, फोकस, दुर्बिणीचं कंपन, ताऱ्यामागे फिरताना होणारी चूक आणि डिटेक्टर यांचा. जमिनीवरच्या ८ मीटरच्या दुर्बिणीलाही सीइंग चुकत नाही. मोठ्या आरशाने प्रकाश जास्त मिळतो, धार मिळतेच असं नाही. हवाईतल्या मौना केआवरच्या सुबारू दुर्बिणीचा हायपर सुप्रीम-कॅम (एचएससी) कॅमेरा साधारण ०.६ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) रुंदीचा पीएसएफ देतो. चिलीतल्या ४ मीटरच्या ब्लांको दुर्बिणीवर झालेल्या डार्क एनर्जी सर्व्हे या सर्वेक्षणाला सुमारे ०.९ वर भागवावं लागलं.

४. धूसरपणामुळे मोजमाप किती बिघडतं? आकड्यांत सांगा.

सोयीसाठी दीर्घिका आणि पीएसएफ दोन्ही गाऊसी (मध्यात उंच, कडेला उतरत्या घंटेसारख्या) आकाराचे धरू. पीएसएफ गोल असेल तर दीर्घिकेचा लंबगोलपणा जितका उरतो तो भाग असा: दीर्घिकेच्या रुंदीचा वर्ग, भागिले दीर्घिका आणि पीएसएफ यांच्या रुंदींच्या वर्गांची बेरीज. दीर्घिका ०.७ आर्कसेकंदांची घ्या, अंधूक दीर्घिका साधारण याच मापाच्या असतात.

अवकाशातून, पीएसएफ ०.१६: उरतो ९५ टक्के.
चांगली रात्र, ०.७: उरतो ५० टक्के.
सामान्य रात्र, १.२: उरतो २५ टक्के.
मैदानी शहराची गच्ची, २.०: उरतो ११ टक्के.

उरलेल्या आकड्याला योग्य पटीने गुणून मूळ आकडा परत मिळवता येतो, पण पीएसएफ बिनचूक माहीत असेल तरच. पीएसएफची रुंदी अर्ध्या टक्क्याने जास्त धरली गेली तर तिचा वर्ग एक टक्क्याने चुकतो. ०.७ च्या रात्री शिअर सुमारे १ टक्का जास्त निघतो, १.२ च्या रात्री त्याच चुकीला जवळजवळ ३ टक्के. चूक तीच, पण चित्र जितकं धूसर तितकी ती फुगते. म्हणजे पीएसएफ किती अचूक कळला हा मूळ प्रश्न, आणि धार हवी ती त्यातली चूक फुगू नये म्हणून.

५. फोटो शार्प करतात तसा धूसरपणा काढून टाकता येत नाही का?

सरळ काढायला गेलात तर नॉइज (चित्रातली विस्कळीत खरखर) उसळतो. धूसरपणाने बारीक तपशील दाबले जातात. ते परत वर आणायचे तर प्रचंड पटीने गुणावं लागतं, आणि तपशिलाबरोबर नॉइजही त्याच पटीने वाढतो. मोबाइलमधली एआय शार्पनिंगची ॲपं तर इथे विषच: ती नसलेला आकार कल्पनेने भरतात.

म्हणून वाट वळणाची आहे. कायझर, स्क्वायर्स आणि ब्रॉडहर्स्ट यांच्या १९९५च्या पद्धतीत प्रकाशाच्या पसाऱ्याचे आकडे काढून त्यांतून पीएसएफचा वाटा वजा करतात. 'लेन्सफिट' उलट्या बाजूने येतं. आधी दीर्घिकेचं प्रारूप धरायचं, ते पीएसएफने धूसर करायचं आणि प्रत्यक्ष पिक्सेलशी ताडायचं. 'मेटाकॅलिब्रेशन'ची युक्ती सगळ्यांत चलाख. खऱ्या चित्रालाच मुद्दाम अधिक-उणे ०.०१ ताण द्यायचा, पुन्हा मोजायचं आणि मोजणी किती हलली ते बघायचं. मोजपट्टी किती आखडली आहे हे ती स्वतःच सांगते. तरीही यातल्या प्रत्येक पद्धतीला पीएसएफ बाहेरून द्यावा लागतो.

६. पीएसएफ मोजतात कसा?

त्याच चित्रातल्या ताऱ्यांवरून. तारा म्हणजे बिंदू, त्यामुळे त्याचा दिसणारा आकार हाच पीएसएफ. कृती अशी:

आधी प्रत्येक वस्तूची प्रत (तेजस्वितेचं माप) आणि आकार यांचा आलेख काढा. तारे सगळे एकाच आकाराचे, त्यामुळे ते सरळ पट्ट्यात बसतात आणि दीर्घिका वर पसरतात. पट्ट्याची अंधूक बाजू सोडून द्या, तिथे लहान दीर्घिका ताऱ्यांत मिसळतात. अगदी तेजस्वी टोकही सोडा (कारण प्रश्न १० मध्ये). जोडतारे आणि शेजाऱ्याला चिकटलेले तारे वगळा. उरलेल्यांतले साधारण २० टक्के तारे बाजूला ठेवा, त्यांना अजिबात हात लावायचा नाही. बाकीच्यांवर, प्रत्येक एक्स्पोजर आणि प्रत्येक चिप वेगळी धरून, स्थानानुसार बदलणारं प्रारूप बसवा. पीएसएफ-एक्स आणि पिफ ही त्यासाठीची नेहमीची सॉफ्टवेअरं.

ठेच लागते ती या प्रारूपातल्या बहुपदीची घात ठरवताना. घात कमी ठेवली तर चिपच्या कोपऱ्यातला बदल सुटतो. वाढवली तर प्रारूप ताऱ्यांचा नॉइजच गिरवू लागतं आणि तारे नसलेल्या जागी भलतंच काही सांगतं. दीर्घिका मात्र नेमक्या त्याच जागी असतात. एक्स्पोजर १५-३० सेकंदांचं असेल तर आणखी एक त्रास: हवेची लहर पुरती सरासरीत जात नाही आणि पीएसएफचा लांबटपणा ताऱ्यागणिक वेडावाकडा होतो. एक्स्पोजर चौपट केलं की हा भाग साधारण निम्मा होतो.

७. 'एम' आणि 'सी' हे काय प्रकरण आहे?

मोजलेला शिअर म्हणजे खरा शिअर गुणिले (१ + एम), अधिक सी. 'एम' म्हणजे मोजपट्टीच आखूड किंवा लांब असणं. पीएसएफच्या रुंदीतली चूक इथे येते. 'सी' म्हणजे शून्यच सरकणं. पीएसएफच्या लांबटपणातली चूक इथे येते. दोन्ही चुका दीर्घिकेच्या मानाने पीएसएफ किती मोठा, त्या पटीने वाढतात.

युक्लिड या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या मोहिमेला 'एम' सुमारे ०.००२ पर्यंत आणि 'सी' सुमारे ०.०००२ पर्यंत माहीत असायला हवं. एवढी चिकाटी कशाला, तर विश्वातलं द्रव्य किती गुठळलेलं आहे हे सांगणाऱ्या एस-आठ या आकड्यासाठी. प्लांक उपग्रहावरून तो ०.८३ च्या आसपास निघतो. डार्क एनर्जी सर्व्हेच्या पहिल्या तीन वर्षांच्या विश्लेषणात ०.७७६ आला, आणि किड्स या दुसऱ्या सर्वेक्षणाच्या २०२५च्या किड्स-लेगसी निकालात ०.८१५. वाद चालला आहे तो पाच-सात टक्क्यांवर. त्यात दोन टक्के पीएसएफमुळेच आले असतील तर नवं भौतिकशास्त्र कुठून सुरू होतं हे कुणी सांगायचं?

८. पीएसएफ चुकला आहे हे कळतं कसं?

बाजूला ठेवलेल्या २० टक्के ताऱ्यांवर प्रारूप लावून बघा. मोजलेला आकार वजा प्रारूपाचा आकार हा फरक (याला उर्वरित म्हणू) चिपवर मांडला की डाग दिसू लागतात. त्या उर्वरितांचा आपापसांतला आणि पीएसएफशी असलेला सहसंबंध अंतरानुसार काढतात, त्याला खगोलशास्त्रज्ञ रो यांचं नाव आहे. दुसरी खूण: दीर्घिकांचे दुरुस्त केलेले आकार आणि पीएसएफचा लांबटपणा यांचा काही संबंध राहिला आहे का? राहिला असेल तर गळती आहे. तिसरी खूण बी-मोड. गुरुत्वाने येणारा ताण समूहाभोवती वर्तुळाकार बसतो. तो सगळा ४५ अंशांनी फिरवल्यावर मिळणारी नक्षी गुरुत्व जवळजवळ देतच नाही. ती दिसली तर उपकरणावर संशय घ्या. मात्र बी-मोड शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नका, 'एम'ची चूक त्यात उमटत नाही.

९. संख्या वाढवायची म्हणून अंधूक दीर्घिकाही घ्याव्यात का?

घ्याव्याशा वाटतातच, पण अंधूक दीर्घिकेचा आकार मोजणं ही सरळ रेषेतली क्रिया नाही. त्यामुळे नॉइज सरासरीत जात नाही, शिअरला एका बाजूला ओढतो. सिग्नल नॉइजच्या १० पट असताना काही टक्क्यांची चूक सहज होते, आणि सिग्नल निम्मा झाला की ती चौपटीकडे जाते. दुसरा सापळा निवडीचा. पीएसएफ ज्या दिशेने लांबट, त्या दिशेने पसरलेल्या दीर्घिका थोड्या ठळक उमटतात आणि यादीत जास्त शिरतात. मोजणी अगदी निर्दोष असली तरी यादीच कलती होते. म्हणून सिग्नल १० पटींच्या वर आणि आकार पीएसएफच्या मानाने पुरेसा मोठा अशा अटी घालतात, आणि त्या अटींचा परिणामही मेटाकॅलिब्रेशनने मोजतात.

१०. दोष हवेचा आणि आरशाचा. डिटेक्टर तर नुसता मोजतो ना?

तोही आकार बदलतो. सीसीडीच्या (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठले की ते नंतर येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना शेजारच्या पिक्सेलकडे ढकलतात. परिणामी तेजस्वी तारा अंधूक ताऱ्यापेक्षा एखाद-दोन टक्क्यांनी रुंद दिसतो. पीएसएफ तेजस्वी ताऱ्यांवरून काढलात आणि लावलात अंधूक दीर्घिकांना, तर प्रश्न ४ मधली अर्ध्या टक्क्याची चूक फुकटात आली. म्हणून आलेखाचं तेजस्वी टोक कापायचं.

जाड सिलिकॉनच्या चिपमध्ये लाकडावर असतात तशी वर्तुळं असतात, ती प्रतिमा जागच्या जागी सरकवतात. अवकाशात किरणोत्साराने चिपमध्ये सापळे तयार होतात. वाचताना इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात आणि उशिरा सुटतात, त्यामुळे प्रत्येक वस्तूला वाचनाच्या दिशेने शेपूट फुटतं. हबलच्या एसीएस कॅमेऱ्यात हे वर्षागणिक वाढत गेलं. शेपटी सगळ्या एकाच दिशेला, म्हणजे थेट 'सी'.

११. रंगाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बऱ्याचदा विसरला जातो. सीइंग तरंगलांबीनुसार हळूहळू कमी होतं: ५०० नॅनोमीटरवरून ८०० वर गेलात तर पीएसएफ साधारण ९ टक्के बारीक. आकार मोजायला लालसर पट्टे निवडण्याचं हे एक कारण. अवकाशात उलट घडतं, विवर्तनामुळे तांबड्याचा पीएसएफ मोठा. युक्लिडचा दृश्य कॅमेरा ५५० ते ९०० नॅनोमीटर एकदम घेतो, म्हणून लाल ताऱ्यावरून काढलेला पीएसएफ निळ्या दीर्घिकेला तसाच चालत नाही, रंगानुसार बदलावा लागतो. जमिनीवर क्षितिजाजवळ आणखी एक भर: वातावरण प्रिझमसारखं रंग वेगळे करतं आणि प्रतिमा उभ्या दिशेने ताणते.

१२. मग अवकाशातून घेतलं की प्रश्न संपला?

हवेचा संपतो. बाकीचे राहतात, शिवाय नवे येतात. युक्लिड १ जुलै २०२३ रोजी गेलं. सुरुवातीला मार्गदर्शक सेन्सर तारे हरवत होता आणि काही चित्रांत ताऱ्यांच्या जागी गिरक्या उमटल्या. सॉफ्टवेअर बदलून ते सुटलं. नोव्हेंबरमध्ये ताऱ्यांचा प्रकाश घटताना दिसला, कारण यंत्रातला ओलावा आरशावर बर्फ होऊन बसला होता. मार्च २०२४ मध्ये एक आरसा थोडा गरम करून तो घालवला.

पिक्सेलचाही हिशेब असतो. पीएसएफ ०.१६ आणि पिक्सेल ०.१ म्हणजे एका पीएसएफला दोन पिक्सेलही मिळत नाहीत, आकार नीट उमटत नाही. म्हणून दुर्बीण थोडीथोडी सरकवून तीच जागा पुन्हा टिपतात.

१३. सगळी एक्स्पोजरं एकत्र करून एकच स्वच्छ चित्र का करत नाहीत?

करतात, पण जपून. वजन देऊन काढलेली सरासरी चालते, कारण तिचा पीएसएफ त्याच वजनांनी काढता येतो. मध्यक घेणं किंवा टोकाचे पिक्सेल छाटणं वैश्विक किरणांचे डाग काढायला सोयीचं वाटतं, पण त्यात ताऱ्याच्या मध्यावरचे पिक्सेलही छाटले जातात आणि त्या चित्राला ठरावीक पीएसएफच उरत नाही. तसंच एखाद्या एक्स्पोजरमधल्या चिपची कडा जिथे येते तिथे पीएसएफ एकदम उडी मारतो. त्या रेषेवरच्या दीर्घिका वगळा.

१४. दोन दीर्घिका एकमेकींवर चढल्या असतील तर?

जितकं खोल चित्र तितकी गर्दी जास्त. एचएससीच्या मोठ्या सर्वेक्षणात ५८ टक्के वस्तू शेजाऱ्याशी जुळलेल्या निघाल्या. जुळल्याचं कळलं तर वेगळ्या करता येतात. धूसर चित्रात दोन मिळून एकच लांबट दीर्घिका वाटते तेव्हा खरी पंचाईत, कारण दोघींची अंतरं वेगळी, त्यामुळे ताणही वेगळा. पीएसएफ अचूक कळूनही जी अडचण सुटत नाही अशी ही एक. इथे धारच लागते.

१५. इंदुरातून गच्चीवरच्या दुर्बिणीने हे जमेल का?

नाही. प्रश्न ४ मधले ११ टक्के आठवा, आणि लागणाऱ्या दीर्घिका २४व्या प्रतीच्या. प्रसिद्ध बुलेट क्लस्टर हा दीर्घिकासमूह तर इथून दक्षिण क्षितिजावर जेमतेम ११ अंश चढतो. तिथे हवेचा थर डोक्यावरच्यापेक्षा सुमारे पाचपट, म्हणजे सीइंग अडीच पट वाईट.

स्ट्राँग लेन्सिंग मात्र जमण्यासारखं आहे. सप्तर्षीतला क्यू ०९५७+५६१ हा १९७९ मध्ये सापडलेला जोड क्वेसार (क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र) इथून उत्तरेला सुमारे ५७ अंश चढतो. दोन प्रतिमा साधारण १७व्या प्रतीच्या, एकमेकींपासून ६ आर्कसेकंदांवर. आठ-दहा इंचांची दुर्बीण, चांगला कॅमेरा, फेब्रुवारी-मार्चमधली चंद्र नसलेली रात्र आणि शहराबाहेरची जागा एवढं असेल तर प्रयत्न करा.

१६. आपल्याकडे यावर काम कुठे होतं?

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत. एचएससीच्या तिसऱ्या वर्षाच्या विश्लेषणातल्या प्रमुख लेखकांत तिथले सुरहुद मोरे आहेत. इंदुरात आयआयटीमध्ये खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, विद्यार्थ्यांनी तिथून सुरुवात करावी.

१७. लॅपटॉपवर स्वतः करून बघायचं आहे. कसं करू?

पायथन आणि गॅलसिम हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. अर्ध-प्रकाश त्रिज्या ०.५ आर्कसेकंदांची घातांकी दीर्घिका घ्या. तिला ०.३ लंबगोलपणा कुठल्याही दिशेने द्या आणि तशीच दुसरी ९० अंश फिरवून बनवा. जोडीने मूळ आकार खोडला जातो आणि लाखो दीर्घिका लागत नाहीत. दोघींना ०.०२ शिअर द्या, ०.७ आर्कसेकंदांच्या मोफाट पीएसएफने धूसर करा, ०.२ च्या पिक्सेलवर ६४ गुणिले ६४ चं चित्र काढा. अशा शंभर जोड्या करा आणि गॅलसिममधल्या 'रीगाऊस' पद्धतीने आकार मोजा.

सरासरी ०.०३४ च्या आसपास येईल. घाबरू नका. रीगाऊस लंबगोलपणा वेगळ्या व्याख्येने देतं, त्याला सुमारे १.७ ने भागायचं असतं. इथे चुकणारे बरेच असतात. उत्तर ०.०२ च्या जवळ आलं की मुद्दाम खोडी काढा: मोजताना पीएसएफ एक टक्का रुंद सांगा, शिअर वाढलेला दिसेल. मग पीएसएफला ०.०५ लांबटपणा देऊन मोजताना तो गोल असल्याचं सांगा. शेवटी नॉइज मिसळा आणि प्रश्न ९ पुन्हा वाचा.

१८. संकेतस्थळांवरची सुंदर जेपीजी चित्रं वापरून मोजता येईल का?

नाही. त्यांत अंधूक भाग उजळवलेला असतो, प्रकाशाचं प्रमाण मोडलेलं असतं. मूळ आकडे जपणारी फिट्स फाइल, सोबतचा वजनांचा नकाशा आणि मास्क (टाळायच्या पिक्सेलांचा नकाशा), तिन्ही लागतात.

१९. वाईट सीइंगच्या रात्री मग फेकूनच द्यायच्या?

मुळीच नाही. आकाराला निकामी असलेली रात्र रंगाला चालते, आणि दीर्घिकांचं अंतर काढायला चार-पाच पट्ट्यांतले रंग लागतातच. किड्स सर्वेक्षणात उत्तम सीइंगच्या रात्री आर (लाल) पट्ट्यासाठी राखून ठेवत, कारण आकार त्यातून मोजायचे होते. बाकीचे पट्टे उरलेल्या रात्रींत. दुसरा अपवाद आकाराऐवजी संख्या मोजण्याचा. गुरुत्वीय भिंग प्रतिमा मोठी आणि उजळ करतं, त्यामुळे समूहामागे दिसणाऱ्या वस्तूंची संख्या बदलते. त्यात लंबगोलपणा लागत नाही, म्हणून आकार ओळखू येणार नाही इतक्या लहान दीर्घिकाही चालतात. सिग्नल शिअरपेक्षा कमकुवत असतो, आणि पीएसएफची जागा प्रकाशमापनातली चूक घेते: आकाशाच्या एका भागात प्रत दोन-तीन शतांशांनी जरी सरकली तरी मोजलेली संख्या बदलते आणि ते भिंगासारखं वाटतं.